आत काय गेले, बाहेर काय आले?

काशीत मणिकर्णिका घाटाच्या उत्तरेला अगदी लागून शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी तो १८३० च्या सुमारास बांधवला. बायजाबाई कागलच्या घाटग्यांच्या कन्या. बांधकाम मोठे भव्य झाले, पण ते इतके जड झाले की खालचा नदीकाठ त्या भाराने खचला आणि घाटाचा काही भाग गंगेत गेला. पुढे घाट पुन्हा उभा राहिला. पायथ्याशी असलेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ मात्र आजही एका अंगाला कललेले आहे. पावसाळ्यात गंगा चढली की त्याचा गाभारा पाण्याखाली जातो. नावेतून जाणाऱ्या यात्रेकरूला नावाडी हमखास त्याची गोष्ट सांगतो. आईसाठी देऊळ बांधून ‘तुझे ऋण फिटले’ असे मुलगा म्हणाला, आणि देऊळ कलले!

गोष्ट गोष्टीच्या जागी राहू द्या. दहावीच्या मुलाला मात्र याच देवळावरून एक प्रश्न घालून पाहावा. देऊळ कलले, ही रासायनिक अभिक्रिया झाली का?

मुलगा हसेल आणि ‘नाही’ म्हणेल. उत्तर बरोबर आहे. पण ‘का नाही?’ असे विचारले तर बहुतेक मुले अडखळतात. रासायनिक अभिक्रियांचे चार प्रकार त्यांना तोंडपाठ असतात: संयोग, अपघटन, विस्थापन आणि दुहेरी विस्थापन. व्याख्या घडाघडा म्हणता येतात. पण समोर एखादा बदल घडताना दिसला की तो कोणत्या कप्प्यात टाकायचा, हे काही केल्या सुचत नाही. याचे कारण साधे आहे. व्याख्या पाठ करायला शिकवले जाते, ओळखायला शिकवले जात नाही. खरे तर ओळखायची रीत घरातल्या जमाखर्चाइतकी सोपी आहे. आत काय गेले आणि बाहेर काय आले, एवढेच विचारायचे.

रूप बदलले की पदार्थ बदलला?

देवळाच्या बाबतीत दगड कलण्याआधी जो होता, तोच नंतरही राहिला. चुनारच्या खाणीतला तो वालुकाश्म. त्यातले वाळूचे कण तसेच आहेत. बदलली ती फक्त जागा. नवा पदार्थ झाला नाही, म्हणून हा भौतिक बदल. तूप पातळ होते, पाण्याची वाफ होते, कापूर हवेत उडून जातो; हे सारे याच वर्गातले. कापूर उघडा राहून उडाला तर वायुरूपात का होईना, तो कापूरच असतो. आरतीत पेटवला की मात्र तो कापूर उरत नाही.

इथे फसगत होते ती दिसण्याने. बुडबुडे आले, रंग बदलला, ऊब लागली, साका खाली बसला, वेगळा वास आला, या रासायनिक अभिक्रियेच्या खुणा म्हणून सांगितल्या जातात. त्या उपयोगी आहेत, पण त्यांवर डोळे मिटून विसंबता येत नाही. उकळत्या पाण्यातही बुडबुडे येतात, ते वाफेचे असतात. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळले की येणारे बुडबुडे मात्र नव्याने तयार झालेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचे असतात. खूण सारखीच, अर्थ वेगळा.

हा फरक ज्याच्या रोजच्या कामाचा भाग होता असा एक माणूस त्या काळी काशीतच राहत होता. त्याचे नाव जेम्स प्रिन्सेप. पुढे १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा म्हणून तो जगभर गाजला. पण १८२० ते १८३० या काळात तो काशीच्या टांकसाळीत धातूंची पारख करणारा अधिकारी होता. काशीच्या घाटांची चित्रेही त्याने काढली. भट्टीचे तापमान मोजण्यासाठी त्याने सोने, चांदी आणि प्लॅटिनम यांचे ठरावीक प्रमाणातले मिश्रधातू वापरले. कोणता तुकडा वितळला आणि कोणता तसाच राहिला, यावरून भट्टी किती तापली ते कळे. त्याचे हे काम १८२८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापले. यात धातू वितळतो, पण थंड झाल्यावर तोच धातू परत मिळतो. म्हणजे भट्टी कितीही लालबुंद असो, बदल भौतिकच.

आता तोच चांदीचा तुकडा नायट्रिक आम्लात टाकला तर? तो दिसेनासा होतो. हे साखर पाण्यात विरघळण्यासारखे नव्हे. पाणी आटवले की साखर परत मिळते. हा द्राव आटवला तर चांदी मिळत नाही, सिल्व्हर नायट्रेट नावाचे पांढरे क्षार मिळतात. आत चांदी गेली, बाहेर दुसरेच काही आले. झाली रासायनिक अभिक्रिया.

चुन्याचा फेरा

चार प्रकार समजून घ्यायला फार लांब जायला नको. जुन्या चिरेबंदी वाड्यांचे, घाटांचे आणि देवळांचे दगड ज्याने सांधले जात, त्या चुन्याकडेच पाहू.

चुन्याची सुरुवात होते चुनखडीपासून. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिचे दोन भाग होतात. कळीचा चुना मागे राहतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. जमाखर्च मांडला तर १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना आणि ४४ किलो वायू मिळतो. आत एक पदार्थ गेला, बाहेर दोन आले. हे अपघटन. भट्टीची उष्णता मिळते आहे तोवरच ते चालते, म्हणून ही उष्माग्राही अभिक्रिया.

पुढची पायरी चुना विरवण्याची. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो फसफसतो, वाफा सोडतो आणि ढेकळे फुटून त्यांची भुकटी होते. खाली आच नसतानाही पाणी उकळू लागते. ५६ किलो कळीचा चुना १८ किलो पाणी स्वतःत सामावून घेतो आणि ७४ किलो विरलेला चुना तयार होतो. आत दोन गेले, बाहेर एकच आला. हा संयोग. आणि उष्णता बाहेर पडली, म्हणून ही उष्मादायी अभिक्रिया.

मग हा चुना वाळूबरोबर घाणीत मळून दगडांच्या सांध्यात भरला जाई. तिथे तो घट्ट होतो. पण तो नुसता सुकून घट्ट होतो, ही समजूत चुकीची आहे. पाणी सुकते हे खरे. त्याबरोबरच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो. ७४ किलो विरलेला चुना ४४ किलो वायू घेतो, १०० किलो चुनखडी तयार होते आणि १८ किलो पाणी बाहेर पडते. भट्टीत गेलेला ४४ किलो वायू परत आला, विरवताना घातलेले १८ किलो पाणी परत गेले. खाणीतून निघालेली चुनखडी फिरून पुन्हा चुनखडीच होऊन भिंतीत बसली! जाड भिंतीत आतपर्यंत हा बदल पोहोचायला वर्षानुवर्षे लागतात.

हीच अभिक्रिया घरी दोन मिनिटांत पाहता येते. चुन्याच्या वरच्या नितळ पाण्याला, म्हणजे निवळीला, नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुनखडीचे सूक्ष्म कण तयार होतात. फुंकर मोठ्यांनीच घालावी आणि निवळी तोंडात ओढू नये.

आता ही तिसरी अभिक्रिया चारांपैकी कोणत्या कप्प्यातली? आत दोन गेले, बाहेरही दोन आले. म्हणजे संयोग नाही, अपघटनही नाही. चुना हा आम्लारिधर्मी आणि कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी. दोघांनी एकमेकांचा गुण मारला, क्षार आणि पाणी तयार झाले. याला उदासिनीकरण म्हणतात. चार कप्पे सोयीसाठी केलेले आहेत. निसर्गाने त्यांना बांधून घेतलेले नाही. एखादी अभिक्रिया दोन कप्प्यांत बसते, तर एखादीला वेगळेच नाव द्यावे लागते. मुलाने ‘हे कुठेच बसत नाही’ म्हटले तर ते चुकले म्हणून त्याला गप्प करू नये. त्याने जमाखर्च नीट मांडला असेल तर त्याला विषय कळला आहे.

जागा घेणारे आणि जोड्या बदलणारे

उरलेल्या दोन प्रकारांसाठी पुन्हा प्रिन्सेपच्या व्यवसायाकडे, म्हणजे पारख्यांच्या कामाकडे वळू. चांदी विरघळलेल्या त्या द्रावात तांब्याची पट्टी बुडवून ठेवली तर काही वेळाने तिच्यावर चांदीचे चकचकीत तंतू वाढू लागतात आणि रंगहीन द्राव निळसर होतो. तांबे द्रावात उतरले आणि त्याने चांदीला बाहेर काढले. चांदीपेक्षा तांबे अधिक क्रियाशील, म्हणून त्याला हे जमते. चांदीला मात्र तांब्याची जागा घेता येत नाही. हे विस्थापन. शाळेत हाच प्रयोग मोरचुदाच्या द्रावात लोखंडी खिळा टाकून दाखवतात. खिळ्यावर तांबूस थर चढतो.

त्याच चांदीच्या द्रावात तांब्याऐवजी मिठाचे पाणी घातले तर दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा साका खाली बसतो. इथे कोणी एकाने दुसऱ्याला हुसकावले नाही. दोन्ही पदार्थांनी आपापले जोडीदार बदलले. चांदी मिठातल्या क्लोरिनकडे गेली, सोडियम नायट्रेटकडे गेला. हे दुहेरी विस्थापन, आणि खाली बसलेला साका म्हणजे अवक्षेप.

याचे घरगुती उदाहरण रोज न्हाणीघरात घडते. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट बादलीच्या कडेला पांढरट चिकट थर बसतो. पाण्यातले कॅल्शियम साबणातल्या सोडियमची जागा घेते, सोडियम पाण्यात जातो आणि न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार होतो. फेसासाठी लावलेला साबण असा फुकट जातो. गृहिणी कपडे धुण्याआधी पाण्यात धुण्याचा सोडा टाकतात तो यासाठीच. सोडा कॅल्शियमला आधीच साक्याच्या रूपाने बाजूला काढतो. तेही दुहेरी विस्थापनच.

चांदीची भांडी आणि पैंजण काळे पडतात, हाही रसायनाचाच खेळ. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. तो रांगोळीने किंवा राखेने घासला तर थराबरोबर थोडी चांदीही जाते. त्याऐवजी भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमची पातळ चकचकीत पन्नी अंथरावी, तिला टेकेल अशी चांदीची वस्तू ठेवावी आणि एक लिटर कढत पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा मिसळून ते पाणी ओतावे. काही मिनिटांत काळेपणा कमी होतो. ॲल्युमिनियम चांदीहून अधिक क्रियाशील, म्हणून ते गंधकाला सोडवते आणि चांदी वस्तूवरच राहते. किंचित सडक्या अंड्यासारखा वास येतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी. खडे किंवा मीनाकाम असलेले दागिने आणि जरीच्या बनारसी साड्या यांवर हा उपाय करू नये.

आगीतले दोन टप्पे

शिंदे घाटाशेजारच्या मणिकर्णिकेवर चिता अहोरात्र जळत असतात. अग्नी हे रासायनिक बदलाचे माणसाला सर्वांत आधी समजलेले रूप. पण ‘लाकूड जळते’ या दोन शब्दांत दोन वेगळ्या अभिक्रिया दडलेल्या आहेत. आधी उष्णतेने लाकडाचे अपघटन होते, त्यातून जळाऊ वायू बाहेर पडतात आणि मागे कोळसा राहतो. मग हे वायू हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून ज्वाळा होतात, कोळसा धगधगत जळतो. शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ हवेत जाते. उरते ती राख, म्हणजे लाकडातल्या खनिजांचा जळू न शकणारा अंश. राख मूळ लाकडापेक्षा कितीतरी हलकी भरते म्हणून वस्तुमान नाहीसे झाले असे नव्हे. वर गेलेले वायू तोलले आणि हवेतून घेतलेला ऑक्सिजन हिशेबात धरला, तर दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात.

ओळखण्याने जीव वाचतो

हे सारे परीक्षेतल्या दोन गुणांपुरते नाही. आत काय गेले आणि बाहेर काय आले, हा प्रश्न न विचारल्यामुळे घराघरांत अपघात होतात.

बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारेखिडक्या बंद करण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. बंद खोलीत कोळशाला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूरही दिसत नाही. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो. डोके दुखते, गुंगी येते आणि झोपेतच प्राण जाऊ शकतो. शेक द्यायचा तर खिडकी उघडी हवी, आणि शेगडी खोलीत ठेवून कोणीही झोपू नये.

संडास स्वच्छ करताना ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र टाकले की जास्त स्वच्छ होईल, असे पुष्कळांना वाटते. या दोघांच्या अभिक्रियेतून क्लोरिन वायू बाहेर पडतो. तो घसा आणि फुप्फुसे भाजून काढतो. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या चांगल्या असल्या तरी एकत्र आल्या की तिसराच पदार्थ होतात. हाच तर रसायनाचा पहिला धडा!

आणि पानाच्या डब्यातला चुना. चुन्याची पुडी किंवा नळी मुलाच्या हातात दाबली गेली की चुना सरळ डोळ्यात उडतो. विरलेला चुना तीव्र आम्लारी असल्यामुळे तो डोळ्याच्या पृष्ठभागावर थांबत नाही, आत शिरत जातो. दृष्टी जाण्याची भीती असते. अशा वेळी स्वच्छ पाण्याच्या धारेने निदान वीस मिनिटे डोळा धुवावा, पापणीत अडकलेले कण पाण्यानेच काढावेत आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू पिळणे हा तर अघोरी उपाय. आम्ल आणि आम्लारी यांचे उदासिनीकरण होते हे खरे, पण त्यात उष्णताही बाहेर पडते, आणि लिंबाचे आम्ल डोळ्याला नवी इजा करते. अर्धवट माहिती ती हीच.

घरी करून पाहा

एका वाटीत चिमूटभर हळद आणि थोडे पाणी घ्या. त्यात साबणाचे पाणी घाला. हळद लाल होते. आमटीचा डाग धुताना कपड्यावर दिसतो तो हाच लाल रंग. आता त्यात लिंबाचा रस घाला. लाल रंग पुन्हा पिवळा होतो. मुलांना विचारा, आत काय गेले? दुसऱ्यांदा काय गेले? रंग परत फिरला, मग हा भौतिक बदल म्हणायचा का? थोडा वाद होऊ द्या.

उत्तर असे: आम्लारीमुळे हळदीतल्या रंगद्रव्याची रासायनिक घडण बदलते आणि आम्लाने ती पूर्ववत होते. म्हणजे बदल रासायनिकच, पण उलट फिरवता येणारा. ‘रासायनिक बदल कधीच उलटत नाही’ हे पाठ केलेले वाक्य एका वाटीतल्या हळदीने खोटे ठरते. मुलाने हे स्वतः पाहिले की पुढच्या वेळी तो खुणेवर थांबणार नाही, जमाखर्च मांडून पाहील.